सतराव्या मिनिटाला

कोळंबच्या पुलाअलीकडे माझं दुकान.
पाटीवर अजून 'रेडिओ' हा शब्द आहे,
आत मोबाइलची कव्हरं विकतो.
पण डीव्हीडी प्लेअर कुणी आणलाच
तर नाही म्हणत नाही.

आणतं तरी कोण आता. वर्षाला तीन, चार.
तक्रार एकच : डिस्क घेत नाही.
तापातलं पोर पेज घेत नाही, तसं सांगतात.

मी आधी विचारतो, खिडकी समुद्राकडे आहे का?
मग उघडायच्या आतच कळतं.
खारं वारं आधी स्क्रूंची डोकी खातं,
मग तारांची टोकं हिरवी करतं,
आणि शेवटी बसतं भिंगावर.
मसुरीच्या दाण्याएवढं भिंग,
त्यावर साय.

ट्रे उघडत नसेल तर आतला पट्टा सैल.
नवा मिळत नाही;
उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकला
की जुनाच पुन्हा आवळतो, काही महिने.
चित्र काळंपांढरं आलं तर पिवळी पिन चुकीच्या भोकात.
एकदा तर मुंग्या निघाल्या, अंड्यांसकट.
त्यांना ऊब हवी होती, बाकी बिघाड काही नव्हता.
आणि डिस्क पुसायची ती मधून कडेला, सरळ.
ताटासारखी गोल पुसलीत
तर ओरखडा वाटेवाटेने जातो.
वीस वर्षं सांगतोय. लोक गोलच पुसतात.

सर्जेकोटची सत्यवती खवणेकर
मासळीच्या पाटीत घालून घेऊन आली,
वर केळीचं पान.
"अडाकता," म्हणाली. "सतराव्या मिन्टाक. रोज."

डिस्कवर स्केचपेनने : वेताळकृपा, २००६.
नवी होडी पाण्यात लोटतानाचं शूटिंग.
शूटिंगवाला लग्नांचा,
त्यामुळे होडीभोवती बदामाची चौकट,
कोपऱ्यातून गुलाब येतात
आणि नाळेवर आपटून फुटतात.
वीस माणसं खांदा लावून. आरडाओरडा.
सतराव्या मिनिटाला बुधाजी खवणेकर
कमरेएवढ्या पाण्यात वळतो,
हात वर करतो,
आणि त्याचे चौकोन चौकोन होतात.

भिंग पुसलं, श्वास रोखून.
रुळाला थेंबभर तेल.
ओरखडा टूथपेस्टने घासला, मधून कडेला,
आणि दुपारी लावून दाखवली.
सरळ गेली.
बुधाजी वळला, हात वर केला,
हात खाली घेतला, कुणाला तरी शिवी दिली
आणि होडीआड गेला.
तीन सेकंद, फार तर.

मी कौतुकाची वाट बघत होतो.
ती म्हणाली, "आदी थांबायचो."
मग जरा वेळाने,
"आता निघान जाता."

रिमोट तिच्याकडे नव्हता, कधीच नव्हता.
खोक्यातून जुळणारा शोधला.
दोन उभ्या रेघांचं बटण दाखवलं.
पहिल्यांदा तिला उशीर झाला, नुसतं पाणी आलं.
मग भटजींची पाठ.
पाचव्या वेळी बरोबर :
हात वर, चौकोन नाहीत,
मनगटावरचा काळा दोरासुद्धा दिसतोय.

आम्ही दोघं बघत बसलो.
बाहेरून बर्फाचा टेम्पो गेला.
पाच मिनिटांनी पडदा काळा झाला
आणि कंपनीचं नाव तरंगायला लागलं,
या कडेवरून त्या कडेवर,
कोपरा अगदी गाठता गाठता हुकत.

"गेलो," ती म्हणाली.

गेला नाही, मावशी. यंत्राला भीती असते,
एकच चित्र फार वेळ राहिलं तर काच भाजेल.
जुन्या काचा भाजायच्याही.
सेटअपमध्ये गेलो, खाली, खाली, उजवीकडे,
स्क्रीन सेव्हर : ऑफ.

दोनशे रुपये तिने दोनदा मोजले.
पाटी डोक्यावर घेऊन पायरी उतरली,
परत चढली.
"ह्येचे सेल कितके दिवस टिकतत?"

वापरावर आहे, म्हटलं.
पण बदलाल तेव्हा दोन्ही एकदम बदला.
एक जुना, एक नवा चालत नाही.